समुद्रावरच्या खेळघरात या मुलांनाही जागा हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या इंदिरा गोदीतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाल्यापासून समुद्रसहलींविषयी आपल्या आणि इतरही वृत्तपत्रांतून बरेच छापून येत आहे. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, तपासणीच्या ७२ खिडक्या, आणि त्याआधी ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच सुरू झालेल्या क्रूझ भारत मिशनचे २०२९ पर्यंत प्रवासीसंख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट, हे सारे वाचून आनंदच होतो. या सहलींच्या जाहिरातींत एक चित्र मात्र ठरलेले असते. रंगीत भिंतींच्या खोलीत मुले खेळत आहेत, आणि त्यांचे आईवडील वरच्या डेकवर निवांत बसले आहेत. जहाजावरच्या त्या खोलीला मुलांचा क्लब म्हणतात. एका जहाजावर त्या क्लबच्या दारातून माझ्या नातवाला परत पाठवण्यात आले आणि तीन वर्षांनी दुसऱ्या एका जहाजावर त्याला तशाच दारातून आत घेतले गेले. मूल तेच होते, त्याची अडचणही तीच होती. मग फरक कशाने पडला, हे आपल्या वाचकांना आणि विशेषतः या व्यवसायात उतरणाऱ्यांना सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो. त्याचा थोरला मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो मोजके शब्द बोलतो, आनंद झाला की हात फडफडवतो, मोठा आवाज त्याला सोसत नाही, आणि घराबाहेर त्याला अजून डायपर लागतो. तो सहा वर्षांचा असताना ते सगळे भारतात आले होते, आणि परत जाण्यापूर्वी आम्ही सिंगापूरहून तीन रात्रींची समुद्रसहल केली. आम्ही दोघे, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. महाराष्ट्रातून सिंगापूर-मलेशियाला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या कार्यक्रमात अशी सहल असतेच. जहाजाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथे जे घडले ते कोणत्याही जहाजावर घडू शकते.

पहिल्या संध्याकाळी सून दोन्ही मुलांची नावे घालायला क्लबमध्ये गेली आणि अर्जात तिने प्रामाणिकपणे स्वमग्नता असे लिहिले. तेथील मुलीने अर्ज आत नेला, वरिष्ठांना घेऊन ती बाहेर आली आणि तिने एकच प्रश्न विचारला की, मुलगा स्वतः शौचालयात जातो का. नाही म्हटल्यावर विषय संपला. चार वर्षांची नात आत जाऊ शकत होती, सहा वर्षांचा नातू जाऊ शकत नव्हता. दादा येत नाही म्हटल्यावर नातही रडत बाहेर आली. पुढचे तीन दिवस आम्ही चौघे मोठे आळीपाळीने मुलांमागे डेकवर फिरत होतो. जेवणघरातही दोघे जेवत आणि दोघे बाहेर थांबत. त्या मुलीला मी दोष देत नाही. ती असेल बावीस-तेवीस वर्षांची. तिच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर जे लिहिले होते ते तिने वाचून दाखवले.

तेव्हापासून माझ्या मनात तो कागदच राहिला आहे. मी ठाण्यात अनेक वर्षे प्राथमिक शिक्षिका होते, त्यामुळे असे कागद मला नवे नाहीत. वय वर्षे सहा म्हणजे पहिली, ही ओळ मीही आयुष्यभर पाळली, आणि ज्यांना ती ओळ जमली नाही अशी दोन-तीन मुले दरवर्षी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेली असत. त्यांना तेथे मीच बसवले होते, हे आज लिहिताना मान खाली जाते.

तीन वर्षांनी मुलाने पुन्हा बेत केला, या वेळी त्यांच्या घराजवळच्या बेयॉन बंदरातून बर्म्युडापर्यंत सात रात्रींचा. आम्ही दोघेही गेलो. नातू आता नऊ वर्षांचा आणि नात सात वर्षांची. सुनेने आधीच ठरवले होते की, क्लबचे नावही काढायचे नाही. परंतु नोंदणी करताना कंपनीकडून एक प्रश्नपत्रिका आली आणि ती वाचून तिचा विचार बदलला. त्यात तुमच्या मुलाला काय येत नाही, असा प्रश्न कोठेच नव्हता. त्याला काय आवडते, तो घाबरला की काय करतो, काय केल्याने तो शांत होतो, पाणी हवे असेल तर कसे सांगतो, संगीत सुरू झाले तर चालते का, गर्दीतून निसटून जातो का आणि पाण्याकडे ओढला जातो का, असे प्रश्न होते. सुनेने दोन पाने भरून पाठवली. पुढे क्लबमध्ये गेल्यावर ती पाने तेथील ताईच्या हातात होती आणि तिने ती वाचलेली होती.

पहिल्या दिवशी क्लबची मोकळी वेळ होती. त्या वेळात आईवडिलांना मुलांबरोबर आत जाता येते. ताई नातवाला हाका मारत बसली नाही. ती त्याच्यापासून थोडे अंतर ठेवून जमिनीवर बसली आणि त्याने रांगेत लावलेल्या ठोकळ्यांच्या टोकाला तिने एक ठोकळा ठेवला. त्याने तो उचलून दुसरीकडे ठेवला. तिने आणखी एक ठेवला. दहा मिनिटे एवढेच चालले होते. वयाने तो मोठ्या मुलांच्या गटात बसायला हवा होता. परंतु त्याला सहा ते आठच्या गटात बहिणीबरोबर घेतले गेले. डायपर कर्मचारी बदलणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ते योग्यच आहे. मात्र त्यासाठी त्यांनी सुनेला एक फोन दिला, गरज पडली की तो वाजेल आणि आईने खाली यावे. सात दिवसांत तो चार वेळा वाजला. पहिल्या दिवशी नातू वीस मिनिटे आत राहिला, चौथ्या दिवशी दीड तास, आणि पाचव्या दिवशी तो दाराशीच बसून राहिला, आत गेलाच नाही. त्या दीड तासात माझी सून झोपली. बाकी जहाजावर बघण्यासारखे खूप होते.

सिंगापूरच्या जहाजावरही माणसे वाईट नव्हती, आणि बेयॉनच्या जहाजावर कोणी संतमहात्मे नव्हते. फरक एवढाच होता की, एके ठिकाणी नियमाला अपवाद करण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता, आणि दुसऱ्या ठिकाणी तो आधीच लिहून ठेवला होता. अमेरिकेतील काही मोठ्या कंपन्यांनी हे जाहीरपणे केले आहे. रॉयल कॅरिबियनने आपल्या क्लबमध्ये तीन ते अकरा वर्षांच्या मुलांचे गट वयाऐवजी क्षमतेनुसार करण्याची मुभा ठेवली, आणि शौचालयाची अट अपंगत्व असलेल्या मुलांसाठी सैल केली. कार्निव्हलच्या जहाजांवर कल्चरसिटी या संस्थेच्या मदतीने कर्मचाऱ्यांना शिकवले गेले, आणि आवाज कमी करणारे हेडफोन व हातात खेळवायच्या वस्तू असलेल्या पिशव्या प्रवाशांना मागून घेता येतात. ऑटिझम ऑन द सीज ही संस्था तर २००७ पासून अशा कुटुंबांबरोबर आपले प्रशिक्षित मदतनीसच जहाजावर पाठवते. हे सगळे केवळ भूतदयेपोटी झाले असे मी म्हणणार नाही. अशी कुटुंबे एकदा आश्वस्त झाली की पुन्हा त्याच जहाजावर येतात, हा हिशेब कंपन्यांना कळतो, आणि कळू दे.

शौचालयाच्या अटीवर थोडे अधिक लिहायला हवे, कारण दार बंद होते ते बहुतेक तेथेच. ही अट तीन वर्षांच्या मुलांसाठी योग्य आहे. क्लबमधील माणसे दाया नव्हेत. जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात डायपर लावलेल्या मुलांना न जाऊ देण्याचा नियमही समजण्यासारखा आहे, कारण तेथे सर्वांच्या आरोग्याचा प्रश्न असतो. परंतु तलावाचा नियम जसाच्या तसा उचलून क्लबच्या दारावर लावला की, ज्या मुलाला ठोकळे रचायचे आहेत त्याला ठोकळ्यांपासून दूर ठेवले जाते. फोन वाजला की आईने यायचे, एवढ्या साध्या तोडग्याने नियमही राहतो आणि मूलही राहते. औषधांचेही तसेच आहे. ती क्लबने देऊ नयेत, आईवडिलांनी वेळेवर येऊन द्यावीत.

दुसरे कारण नेहमी दिले जाते ते सुरक्षिततेचे. ते फेटाळून लावण्यासारखे नाही, उलट ते आम्हा घरच्यांनाच सर्वांत जास्त छळते. पीडिॲट्रिक्स या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या स्वमग्न मुलांच्या पालकांनी सांगितले होते की, चार वर्षांचे झाल्यावर मूल एकदा तरी नजर चुकवून निघून गेले आहे. आणि अशा मुलांना पाण्याची ओढ फार असते. जहाजाभोवती तर पाणीच पाणी. परंतु याच कारणासाठी जहाजावरची सर्वांत सुरक्षित जागा कोणती, याचा विचार करावा. क्लबच्या दारावर माणूस असतो, मुलाच्या मनगटावर पट्टी असते, नोंदवलेल्या मोठ्या माणसाच्या सहीशिवाय मूल बाहेर सोडले जात नाही. मूल निसटेल म्हणून त्याला क्लबमध्ये घ्यायचे नाही, याचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच होतो की त्याला उघड्या डेकवर, तलावाकाठी आणि थकलेल्या आईच्या एका हाताच्या भरवशावर सोडायचे. सिंगापूरच्या त्या तीन दिवसांत नातू दोनदा धावत कठड्यापर्यंत गेला होता. दोन्ही वेळा आजोबांनी गाठला, परंतु आजोबांचे गुडघे आता तसे राहिलेले नाहीत.

कबूल करायला हवे की, काही मुलांना सतत एका माणसाची सोबत लागते, आणि वीस मुलांमागे दोन-तीन कर्मचारी असलेल्या क्लबला ती देता येणार नाही. अशा वेळी नकाराऐवजी दुसरे काही देता येते का, हे पाहावे. एरवी क्लबमध्ये मोठ्यांना थांबू देत नाहीत, आणि मुलांच्या संरक्षणासाठी तो नियम हवाच. परंतु मोकळ्या वेळेचा एखादा तास कमी गर्दीचा, दिवे मंद आणि गाणी बंद ठेवून राखला, तर आई मुलाबरोबर आत बसू शकते आणि मुलाला निदान त्या खोलीची ओळख होते. भाड्यात क्लबचे पैसे आलेलेच असतात. रात्री उशिराच्या वेळेसाठी तेवढे वेगळे शुल्क घेतात. म्हणजे ज्या मुलाला दारातून परत पाठवले, त्याच्याही वाट्याचे पैसे कंपनीने घेतलेले असतात, हे कोणी लक्षात आणून देत नाही.

जहाजावर पाऊल ठेवताच या मुलांसमोर उभी राहणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सुरक्षा कवायत. सात छोटे आणि एक लांब असा भोंगा वाजतो. तो सर्वांना ऐकू जावा म्हणूनच वाजतो, आणि त्यात तडजोड असूच नये. सिंगापूरला तो वाजला तेव्हा नातू कान दाबून जमिनीवर आडवा झाला, आणि भोवतीच्या शेकडो माणसांपैकी बरीच आमच्याकडे पाहत होती. एका बाईंनी मुलाला शिस्त नाही, असेही हळूच म्हटले, आणि त्या मराठीतच बोलल्या. बेयॉनच्या जहाजावर २०२० नंतर आलेली नवी पद्धत होती. खोलीत आवाज कमी करून चित्रफीत पाहायची, आणि गर्दी ओसरल्यावर आपल्या ठरलेल्या जागी जाऊन नोंद करून यायची. भोंग्याचा आवाजही सुनेने आधी घरी फोनवर हळू ऐकवला होता, मग रोज थोडा थोडा वाढवून. तिने त्याच्यासाठी फोटोंची एक वहीही केली होती, त्यात जहाजाचा जिना, खोलीतला पलंग, क्लबचे दार, आणि शेवटी परत घर. अशी वही विशेष शाळांतील शिक्षिका नेहमी करतात. कंपन्यांनी आपल्या जहाजाचे दहा-बारा साधे फोटो, माणसे सजवून न काढलेले, संकेतस्थळावर ठेवले तर प्रत्येक आईला ती घरी करता येईल.

एक आठवण विषयाला धरूनच आहे, म्हणून लिहिते. त्या जहाजावर आमची खोली आवरणारे गृहस्थ गोव्याचे होते, म्हापशाकडचे. गोव्यातील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या एखादा तरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. जहाजांवरच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पहिल्या रात्री टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला, आणि नातू त्याला पाहून किंचाळला, कारण पलंगावर हत्ती त्याच्या वहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समोर बसवून तोच हत्ती केला, हळूहळू, घडी घडी दाखवत. त्यानंतर रोज संध्याकाळी हत्तीच हवा असे; माकड केले तर ते मोडून हत्ती करावा लागे. त्या गृहस्थांना हे कोणी शिकवले होते, असे विचारल्यावर ते म्हणाले की भावाचा मुलगा असाच आहे.

त्यांच्या त्या पुतण्यासारखी मुले आपल्याकडे किती आहेत, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. दोन ते नऊ वर्षांच्या भारतीय मुलांमधील मज्जाविकासाच्या अडचणींचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेल्या पाच ठिकाणांपैकी एक उत्तर गोवा होते. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणारी मर्यादा), अपस्मार, ऐकण्याच्या, बोलण्याच्या व शिकण्याच्या अडचणी असे सगळे धरून, साधारण आठ मुलांमागे एकाला यांपैकी काही ना काही होते. म्हणजे क्लबमध्ये चाळीस मुले असतील तर त्यांत अशी चार-पाच मुले आजही असणारच. फक्त त्यांच्या आईवडिलांनी ते सांगितलेले नसते.

ते सांगत नाहीत, आणि त्याला कारण आहे. आमच्याच ओळखीत एका जोडप्याने सहल ठरवताना मुलाविषयी सांगितले, तर त्यांना सल्ला मिळाला की या खेपेस मुलाला आजीकडे ठेवा, म्हणजे तुम्हालाही मजा करता येईल. हे ऐकून दुसऱ्या एका आईने आपल्या मुलीविषयी काहीच सांगितले नाही. सहलीच्या दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये तिच्या मुलीने एका मुलाचा हात चावला आणि मग सर्वांची सर्वांवर चिडचिड झाली. माहिती दिली की दार बंद होते हे एकदा लोकांना कळले, की ते माहिती देत नाहीत; माहिती नसली की क्लब गोंधळतो, आणि पुढच्या वेळी दार अधिकच घट्ट बंद करतो. म्हणून प्रश्नपत्रिकेच्या वरच एक वाक्य ठळक छापलेले असावे की, या माहितीवरून कोणाचीही नोंदणी नाकारली जाणार नाही, आणि ती क्लबमधील कर्मचाऱ्यांखेरीज कोणाला दाखवली जाणार नाही. मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक सहली दोन-तीन रात्रींच्या असतात, त्यामुळे हे आणखी गरजेचे आहे. सात रात्रींच्या प्रवासात माझा नातू चौथ्या दिवशी रुळला. दोन रात्रींच्या प्रवासात त्याला चौथा दिवस मिळणारच नाही. ओळख जहाजावर चढण्याआधी घरीच झाली पाहिजे.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो, त्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. मनोरंजनाच्या सोयींत सहभागी होण्याचा हक्कही त्यात आहे, आणि खाजगी सेवा देणाऱ्यांवरही सुगम्यतेची जबाबदारी आहे. हा कायदा अवाजवी काही मागत नाही. पेलणार नाही असा बोजा न पडता जो बदल करता येईल तो करा, एवढेच तो सांगतो, आणि वर सांगितलेला फोन हे त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. या कायद्याखालील सुगम्यतेचा नियम केवळ शिफारशीसारखा ठेवता येणार नाही, तो बंधनकारकच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनावले. तरीही सुगम्यता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उतार आणि लिफ्टच येतात. चाकाची खुर्ची दिसते. माझ्या नातवाची अडचण तो जमिनीवर आडवा होईपर्यंत कोणाला दिसत नाही.

अमेरिकेत हाच वाद जहाजाच्या झेंड्यावरून झाला होता. बहुतेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा अशा देशांचा झेंडा लावून फिरतात, तेव्हा अमेरिकेचा अपंगत्वविषयक कायदा आम्हाला लागू नाही, असा त्यांचा पवित्रा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन या खटल्यात, जहाज अमेरिकेच्या पाण्यात असताना तो कायदा लागू होतो असा निर्णय दिला; जहाजाच्या अंतर्गत कारभाराला हात घालणाऱ्या काही बाबी तेवढ्या वगळल्या. आपल्याकडे असा वाद वर्षानुवर्षे चालवण्याची गरज नाही. मुंबईतून किंवा मुरगावातून प्रवासी घेणाऱ्या जहाजाला परवानगी देतानाच, झेंडा कोणताही असो, अट घालता येते.

हे आताच व्हावे असा आग्रह धरण्याचे कारण विमानांच्या इतिहासात आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्यातील एका परिषदेला निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवले गेले; सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई दिली ती २०१६ मध्ये. त्यानंतरही मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही. विमान कंपनीला पाच लाख रुपये दंड झाला, आणि त्यानंतर नियम बदलून असे ठरले की, अपंगत्वाच्या कारणावरून नकार देता येणार नाही, आणि प्रकृतीची शंका असल्यास डॉक्टरांचे मत घेऊन, कारण लेखी कळवूनच निर्णय घ्यावा लागेल. म्हणजे एका मुलाची भर विमानतळावर शोभा झाल्यावर नियम आला. जहाजांचा व्यवसाय आपल्याकडे अजून लहान आहे, त्याचे कागद अजून छापले जात आहेत, आणि छापण्यापूर्वी दुरुस्ती करणे स्वस्त पडते.

म्हणून नौवहन महासंचालनालयाने, मुंबई बंदर प्राधिकरणाने आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने एकत्र बसून क्लबसाठी काही किमान अटी ठरवाव्यात. प्रश्नपत्रिका नोंदणीच्या वेळीच मिळावी. गट वयावर ठरवायचा की क्षमतेवर, याचा निर्णय आईवडिलांशी बोलून क्लबप्रमुखाने घ्यावा आणि तसा अधिकार त्याला लेखी असावा. प्रवेश नाकारल्यास कारण, नाकारणाऱ्याच्या पदासह, त्याच दिवशी कागदावर मिळावे. या शेवटच्या अटीचा उपयोग माझ्या मते सर्वांत मोठा होईल, कारण ‘जमणार नाही’ असे तोंडाने म्हणणे सोपे असते, पण का जमणार नाही हे लिहायला बसले की निम्म्या वेळा जमून जाते. टर्मिनलवरच्या ७२ खिडक्यांपैकी एक खिडकी आणि तिच्याजवळचा एक शांत कोपरा या कुटुंबांसाठी राखून ठेवावा. तासभर रांगेत उभा राहिलेला स्वमग्न मुलगा जहाजावर चढतानाच दमलेला असतो.

प्रशिक्षणासाठी परदेशातून कोणाला बोलवायची गरज नाही. मुंबईत १९४४ पासूनची जय वकील, १९७२ पासूनची आणि आता अडॅप्ट या नावाने ओळखली जाणारी, २००१ पासूनची उमेद, आणि गोव्यातील सेतू, या संस्थांकडे अशा मुलांबरोबर रोज काम करणारी माणसे आहेत. क्लबमधील तरुण मुलांना पदविका नको आहे. त्यांना चार दिवस या संस्थांच्या वर्गात नुसते बसू द्यावे, म्हणजे मूल कान झाकते तेव्हा ते हट्ट करत नसते आणि डोळ्यांत पाहत नाही म्हणून ते ऐकत नाही असे नसते, हे त्यांना समजेल. क्लबमध्ये प्रत्येक पाळीला असे शिकलेले एक माणूस असले तरी बाकीचे त्याच्याकडे पाहून शिकतात. शाळेत आम्हीही तसेच शिकलो.

मुलाचे कुटुंब येत्या डिसेंबरात पुन्हा येणार आहे, आणि या वेळी मुंबईहूनच समुद्रसहल करावी असे त्यांच्या मनात आहे. सुनेने चौकशीसाठी तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत: नऊ वर्षे उलटून गेलेला परंतु डायपर लागणारा मुलगा क्लबमध्ये बसू शकेल का, त्याला धाकट्या बहिणीच्या गटात बसू देतील का, आणि नाही म्हणायचे असल्यास ते कोण ठरवणार. मी ते प्रश्न या आठवड्यात पाठवत आहे. जे उत्तर येईल ते आपल्याला कळवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ठाणे